जुन्या फीचा मुहूर्त

चंपतराव रेवतकर यांना आयुष्यात एकाच गोष्टीची दहशत होती, आणि ती म्हणजे भाववाढ. साप, भूत, साहेब, सासुरवाडी, कोणालाही ते कधी डरले नाहीत. पण 'उद्यापासून वाढणार' एवढं कानावर पडलं की हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा. पेट्रोल वाढणार म्हटलं की आदल्या संध्याकाळी पंपावर सगळ्यांच्या पुढे हेच, मग टाकी काठोकाठ भरलेली का असेना. सिमेंट वाढणार म्हणून एकदा पाच पोती आणून ठेवली. बांधकाम काहीच नव्हतं, पावसाळा मात्र होता. ती पोती अंगणात दगड होऊन बसली, आणि नंदनवन कॉलनीतल्या त्यांच्या घरी येणारे पाहुणे आजही त्यांच्यावर बसून चहा पितात. (चंपतरावांचं म्हणणं, बाक विकत घेतला असता तर यापेक्षा महाग पडला असता.) एसटीचं भाडं वाढणार हे कळलं तेव्हा तर ते आदल्या दिवशीच नरखेडला भावाकडे जाऊन थडकले. काम काहीच नव्हतं. भावाने प्रेमाने मुक्कामाला ठेवून घेतलं, त्यामुळे परत येताना वाढीव भाडं पडलं, आणि तो राग त्यांनी भावावर वर्षभर धरला.

आता यात सगळाच दोष त्यांचा नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ते स्टोअरला होते, आणि स्टोअरवाल्याचं काम काय, तर संपायच्या आधी मागवून ठेवणं. नोकरीतून माणूस रिटायर होतो, माणसातून नोकरी होत नाही. तिथं बेअरिंगा आणि नटबोल्ट होते, इथं तूरडाळ आणि मोबाइलचे रिचार्ज आले, एवढाच काय तो फरक.

तर सप्टेंबरातल्या एका सकाळी शेजारचा देवाजी गेट ढकलून आत आला आणि आपल्या नेहमीच्या सिमेंटवर बसला. देवाजी हा वॉर्डातला होतकरू कार्यकर्ता. गेल्या तीन निवडणुकांपासून होतकरूच होता. गल्लीतली कोणतीही बातमी त्याच्या फोनवर आधी येई आणि मग घडे.

"चंपतभाऊ," तो म्हणाला, "तुमची मेघा अमेरिकेतच हाय ना?"

"मंग काय पारडीले हाय?"

"तसं नाही गा. तिथल्या नागरिकत्वाची फी वाढून राहिली. एक तारखेपासून. आता पाहा, हे आलं."

चंपतरावांचा कप ओठांपाशी गेला होता तो तिथंच थांबला. मेघा त्यांची एकुलती एक पोरगी. ओहायोत राहत होती, लग्न झाल्यापासून. जावई सुशील मागच्या साली तिथला नागरिक होऊन बसला होता (जावई म्हणजे तसाही पाहुणाच, त्याचं चंपतरावांनी मनाला लावून घेतलं नव्हतं). तीन वर्षांची नात तर तिथंच जन्मली. राहिली होती ती मेघा. तिचीही मुदत भरली होती, अर्ज करायला मोकळी होती. पण दर वेळी विषय निघाला की ती "पाहू" म्हणायची. आणि इतके दिवस चंपतरावही "पाय बा, तुह्या मनानं" म्हणून सोडून देत होते. पण इतके दिवस फी वाढत नव्हती.

त्यांनी कप सिमेंटवर ठेवला आणि तिथल्या तिथं फोन लावला.

"मेघे, भरला का?"

"काय भरला का, बाबा?" मेघा तिकडे झोपायच्या तयारीत होती.

"अर्ज! नागरिकत्वाचा! फी वाढून राहिली तुही!"

"माहीत आहे बाबा. माझं अजून ठरलं नाही."

"ठरवाचं काय त्याच्यात? वाढून राहिली म्हणतो ना मी!"

"बाबा, देश बदलायचा आहे. गॅसचा नंबर नाही लावायचा."

"तेच तं म्हणतो! गॅसचा नंबरबी आपण वाढाच्या आधीच लावतो!"

मेघाने पलीकडे मोठा श्वास सोडला. "आईला विचारलं का?" ती म्हणाली. चंपतरावांना हा प्रश्नच कळला नाही. फी वाढण्याबद्दल अंजनाबाईला काय विचारायचं?

अंजनाबाई मात्र स्वयंपाकघरात भोपळा चिरत सगळं ऐकत होती. चंपतराव विजयी मुद्रेने आत आले आणि म्हणाले, "पोरगी कबूल होते आता. दोन दिवसांत भरून टाकते."

अंजनाबाईने वर न पाहता म्हटलं, "पितृपक्ष चालू हाय."

"बरं मंग?"

"मंग काय? शुभकार्य करत नाही पितृपक्षात. ते कूलर इसरले का?"

हा घाव बरोबर जागी बसला. काही वर्षांपूर्वी पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं म्हणून दुकानदाराने भाव पाडला, आणि चंपतरावांनी ऐन श्राद्धाच्या दिवसांत कूलर घरी आणला. पहिल्याच मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, त्याचा पंप जळला. दुसऱ्या मे महिन्यात त्याने साळ्याला असा करंट मारला की साळा पलंगाच्या पलीकडे जाऊन पडला. (साळा वाचला. कूलर वाचला नाही.) तेव्हापासून अंजनाबाईने पितृपक्ष म्हटलं की चंपतराव पुढे बोलत नसत. देवाधर्माची भीती म्हणून नव्हे. पितरांनी एकदा नुकसान करून दाखवलं होतं, आणि नुकसानीपुढे चंपतराव नेहमी हात जोडत.

पण इकडे पितर आणि तिकडे एक तारीख! त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. पितृपक्ष संपत होता महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला. घटस्थापना होती एक तारखेला. म्हणजे ज्या सकाळी मुहूर्त उघडत होता, त्याच सकाळी फी वाढत होती. अमेरिकेच्या सरकारने कॅलेंडर समोर ठेवून मुद्दाम केलं असावं, अशी त्यांची खात्री झाली.

ते तसेच उठून दाणी गुरुजींकडे गेले. गुरुजी गल्लीच्या टोकाला राहत आणि या दिवसांत श्राद्धांच्या धावपळीत असत.

"गुरुजी, अमावस्येच्या आधी एखांदा छोटा मुहूर्त निघते का? मिनिटभराचा असला तरी चालते. बटनच दाबाचं हाय."

"कसलं बटन?"

"अमेरिकेचं."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "चंपतराव, पितृपक्षात माणूस साधी चप्पल घेत नाही, तुम्ही देश घेऊन राहिले. घटस्थापना उत्तम. त्याच्या आधी मी काही सांगणार नाही."

चंपतराव घरी आले ते पाय ओढत. दोन दिवस त्यांचं कशात मन नव्हतं. फरकाची रक्कम रुपयांत करून पाहायचे आणि जेवण अर्धवट सोडायचे. अंजनाबाई मात्र या दिवसांत बरीच खुशीत दिसत होती. न मागता दोनदा आलूबोंडे केले. चंपतरावांना वाटलं, नवऱ्याचं दुःख पाहून बिचारी आपल्या परीने करून राहिली. (नवरे किती भोळे असतात, हे कोणत्याही शास्त्रात सांगितलेलं नाही.)

तिसऱ्या दिवशी सकाळी मेघाचा फोन आला. चंपतराव दात घासत होते.

"बाबा, झोपायच्या आधी म्हटलं एकदा बोलून घ्यावं. गुड नाइट म्हणायला केला."

"गुड नाइट काय म्हणते वं, इथी सूर्य निघाला."

"तुमचा निघाला. आमचा कालचाच दिवस संपला नाही अजून."

चंपतरावांच्या तोंडातला ब्रश थांबला. कालचाच दिवस. कालचाच! ते तसेच, फेसासकट, अंगणात धावले आणि देवाजीला हाका मारू लागले. देवाजीला वाटलं, चंपतभाऊंना फेफरं आलं. तो हुंगवायला हातात जोडा घेऊन आला.

"देवाजी! एक तारखेले इथी सकाळी घट बसन, तवा तिथी तारीख कोणती असन?"

देवाजीने बोटांवर मोजलं. "आदल्याच दिवसाची."

"अन् फी?"

देवाजीचा चेहरा उजळला. "जुनी!"

"इथी घट बसला, तिथी जुनी फी!" चंपतराव ओरडले आणि त्यांनी देवाजीला मिठी मारली. टूथपेस्ट त्याच्या सदऱ्याला लागली, पण तेव्हा दोघांनाही भान नव्हतं. खापरखेड्याला एवढी वर्षं स्टोअर सांभाळलं, पण असा माल चंपतरावांच्या हाती कधी लागला नव्हता.

शंका एकच उरली, आणि तीही चंपतरावांनी लगेच गुरुजींपुढे टाकली. तिथी कुठली धरायची? जिथं बटन दाबतात तिथली, की इथली?

दाणी गुरुजींना असा प्रश्न कोणीच केला नव्हता. त्यांनी जवळचा दक्षिणेचा नारळ कानाशी हलवून पाहिला. "संकल्प कोण करणार?"

"मी."

"कुठं बसून?"

"नंदनवनात."

"मग तिथी नंदनवनाची," गुरुजी म्हणाले. "संकल्प सुटला की कार्य सुरू झालं. बटन हा पुढचा भाग."

चंपतरावांनी ओळखीत पहिल्यांदाच न मागता दक्षिणा दिली. मेघाला फोनवर सगळी योजना समजावली. ती मग म्हणाली, "आईला चालतं का हे?"

"तिच्याच पितृपक्षासाठी तं चालू हाय सगळं! तू फक्त फार्म भरून तयार ठेव. मी इथून म्हणतो 'दाब', तू तिथून दाबाचं."

"बरं बाबा," मेघा अगदी बारीक आवाजात म्हणाली.

अंजनाबाईला ही योजना सांगितली तेव्हा तिच्या हातातली पळी भाजीत तशीच राहिली. ती एवढंच म्हणाली, "बरंच डोकं चालवलं तुमी." चंपतरावांनी ती तारीफ समजून घेतली. त्या दिवसापासून आलूबोंडे बंद झाले.

इथपर्यंत गोष्ट घरातली होती. पण देवाजीच्या कानात गेलेली गोष्ट घरात राहत नसते. वॉर्डाची निवडणूक जवळ आली होती आणि देवाजीला कशाचं तरी अभिनंदन करायचंच होतं. अमावस्येच्या आदल्या दिवशी चौकातल्या खांबावर बॅनर चढला. 'आपल्या नंदनवनची कन्या मेघाताई अमेरिकेच्या नागरिक होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून देवाजी, गॉगल घालून, हात जोडून, मेघाच्या चौपट. मेघाचा फोटो साक्षगंधातला होता, आणि तिच्या खांद्यावर कोणाची तरी चार बोटं राहून गेली होती. (ती सुशीलची. बाकीचा सुशील कापला गेला.) चंपतरावांनी बॅनर पाहिला, त्याचा खर्च आपल्याकडे नाही याची खात्री करून घेतली, आणि खूश होऊन घरी आले.

अंजनाबाईने तो पाहिला भाजी घेऊन येताना. ती चौकात किती वेळ उभी होती कोण जाणे. घरी आली ती पिशवी ओट्यावर न ठेवता जमिनीवर ठेवून दारातच बसली.

"काय झालं वं? पाय मुरगळला का?"

"तुमाले माहीत हाय का," ती म्हणाली, "तिथलं नागरिक झालं का इथलं जाते म्हणून?"

"जाते म्हणजे?"

"म्हणजे जाते. आपला पासपोर्ट वापस करा लागते. माहेरच्या सिंधूताईच्या पोराचं झालं ना. आता तो परदेशी हाय. इथी आला तं परदेशी म्हणून येते."

 चंपतरावांच्या मनात आजवर हे नागरिकत्व म्हणजे दुसऱ्या रेशनकार्डासारखं काहीतरी होतं. एक असताना आणखी एक मिळून राहिलं, तेही जुन्या भावात. हे तर सिलिंडरसारखं निघालं. नवीन पाहिजे तर जुनं वापस.

"दोन्ही ठेवता येत नाही?"

"नाही येत."

"तुले हे आधीपासून माहीत होतं?"

"मंग पितृपक्ष कायले काढला होता मी?" अंजनाबाईच्या डोळ्यांतून आता धार लागली. "मले का पितरायची पडली होती? मले वाटलं, एक तारीख निघून जाईन, फी वाढन, अन् मंग तुमी तोंडानं नाव नाही घेणार. तुमाले मी ओळखत नाही का? फी वाढली असती तं माही पोरगी माही राहिली असती. पण तुमी तं सूर्यालेच पकडून आणलं!"

 चाळीस वर्षांच्या संसारात आपल्याला कोणी इतकं नीट ओळखलं असेल असं चंपतरावांना वाटलं नव्हतं.

"फरकाच्या पैशापायी पोरगी देऊन टाकता का हो?" अंजनाबाई म्हणाली आणि पदर तोंडावर घेऊन आत गेली.

त्या दिवशी चंपतराव दोनदा चौकात जाऊन आले. बॅनरवरची मेघा हसत होती. हिला शाळेत टाकताना फी वाढायच्या आधी म्हणून आपण वर्षभर लवकर नेऊन बसवलं होतं, आणि ती वर्गात सगळ्यांत लहान म्हणून रोज रडत घरी यायची, हे त्यांना उगाच आठवलं.  देवाजीने हाक मारली, त्यालाही त्यांनी ओ दिली नाही. पण संकल्प जाहीर झाला होता, गुरुजींना दक्षिणा गेली होती, गल्लीला चहाचं आमंत्रण होतं. आता मागं कसं फिरायचं?

एक तारखेला उजाडलं. देवघरापुढे टोपलीत काळी माती पसरली होती, गहू भिजवून ठेवले होते, मातीचा घट, विड्याची पानं, झेंडूची माळ, सगळं जागच्या जागी. समोर प्रेशर कुकरला टेकवून फोन उभा केला होता. गुरुजी पाटावर. देवाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कॅमेऱ्यात येईल असा. मागे गल्लीतल्या सात-आठ बाया आणि दारात चहाचं पातेलं. अंजनाबाई मातीत गहू पेरत होती आणि एकदाही फोनकडे पाहत नव्हती.

पडद्यावर मेघा आली. तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ मावळली होती, मागे टेबलावर जेवण मांडलं होतं. तिचाही चेहरा उतरलेलाच होता.

"झाली का तयारी?" देवाजीने विचारलं, जणू बटन त्याच्याकडेच होतं.

गुरुजींनी मंत्र म्हटले आणि चंपतरावांनी संकल्प सोडला. पाणी ताम्हणात पडलं. "हं, चंपतराव," ते म्हणाले, "म्हणा आता."

सगळी गल्ली चंपतरावांच्या तोंडाकडे पाहू लागली. तिकडे मेघाने हात पुढे केला. चंपतरावांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर अंजनाबाईच्या हाताकडे गेली. गहू मातीत न पडता टोपलीबाहेर सांडत होते.

"मेघे, थांब," चंपतराव म्हणाले. "नको दाबू."

"काय?" हे मेघा, गुरुजी आणि देवाजी तिघंही म्हणाले.

"नको दाबू म्हणतो ना! तुले जवा वाटन तवा दाब. नाही वाटलं तं जिंदगीत नको दाबू."  मग त्यांनी डोळे मिटले आणि ते वाक्य उच्चारलं, जे त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. "फी वाढते तं वाढू दे."

 देवाजीने हळूच त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "भाऊ, बीपीची गोळी घेतली ना सकाळी?"

"घेतली! अन् जो काही फरक पडन," चंपतराव म्हणाले, आणि इथं त्यांचा हात आपोआप खिशावर गेला, "तो मी देतो."

अंजनाबाईच्या ओंजळीतले उरलेले गहू एकदम मातीत पडले. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं, आणि लग्नातल्या अंतरपाटानंतर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं नसावं. चंपतराव लाजून ताम्हण सरळ करू लागले.

तेवढ्यात फोनमधून हुंदका आला. मेघा एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

"बाबा, आई, रागवू नका. मी भरला अर्ज."

"आता? थांब म्हटलं ना तुले!"

"आता नाही. तुमचा पहिला फोन आला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"पितृपक्षात?" गुरुजी पाटावरून अर्धे उठले.

"मंग आज काय दाबून राहिली होती?" चंपतरावांनी विचारलं.

मेघाने हात वर केला. "टीव्हीचा रिमोट. तुम्ही एवढा मुहूर्त काढला, गुरुजी, घट, लोकं, सगळं. आणि मला आईला सांगायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, तुमच्यासोबतच दाबल्यासारखं करावं."

देवाजी बॅनर योग्य ठरला म्हणून खूश व्हावं की कार्यक्रम खोटा पडला म्हणून रागवावं, या विचारात पडला. अंजनाबाई मात्र उठली, तिने कुकरला टेकलेला फोन हातात घेतला, आणि मातीच्या बोटांनी तो तोंडासमोर धरला.

"काहून वं केलं असं? आमाले टाकून दिलं का?"

"तुझ्यासाठी केलं गं आई," मेघा म्हणाली. "माझ्या घरी तू एकदा तरी येऊन राहशील म्हणून. नागरिक झाली की आई-बापाला बोलावून कायमचं ठेवता येतं. नातीला वाटतं आजी म्हणजे फोन. चार्जिंगला लावला तर म्हणते, आजी झोपली."

अंजनाबाईने पदराने डोळे पुसले. चेहऱ्याला माती लागली, तिला ती कळली नाही.

"पण तू परकी झाली ना आता."

"परकी कशी होईन? एक कार्ड मिळतं आयुष्यभराचं. त्याच्यावर मी पाहिजे तेव्हा येईन. दिवाळीलाही येईन."

"खरंच?"

"तुझी शपथ."

घरात सगळ्यांनीच एकदम श्वास सोडला. गुरुजींनी पितरांची माफी मागण्यासाठी एक छोटा विधी सुचवला, त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. चहा आला. अंजनाबाई फोन घेऊन भिंतीला टेकून बसली आणि तिच्या डोक्यात हिशोब सुरू झालेला स्पष्ट दिसत होता. चाळीस वर्षं एका घरात राहिल्यावर गुण लागतोच.

"मेघे, ते आमाले बोलवाचा अर्ज म्हणते, त्यालेबी फी असते का वं?"

"असते ना आई. तुझा वेगळा अर्ज, बाबांचा वेगळा. प्रत्येकाची फी वेगळी."

"प्रत्येकाची!" चंपतरावांचा कप हिंदकळला. मघाशी मारलेला सगळा मोठेपणा त्यांच्या चेहऱ्यावरून उतरायला लागला. एक फरक कबूल केला तोवर ठीक होतं, पण हे तर दुप्पट प्रकरण निघालं.

"हो. आणि तोवर आणखी वाढूही शकते," मेघा म्हणाली.

"मंग असं कर," अंजनाबाई शांतपणे म्हणाली, "एकच भर."

तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. चंपतरावांनी मांडीवर जोरात थाप मारली.

"बराबर बोलली!" ते गरजले. "दोन दोन कायले? सीधी सीधी एक फी वाचली!"

देवाजी आधी फुटला. मग बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या, गुरुजींचं पोट हलू लागलं, पलीकडे मेघाने टेबलावर डोकं टेकलं. आपल्या हजरजबाबीपणाला सकाळी सकाळी एवढी दाद मिळालेली पाहून चंपतरावही सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत जास्त वेळ हसले. हसून हसून ठसका लागला, चहाचा घोट घेऊन त्यांनी तो शमवला, मग हळूहळू त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी अंजनाबाईकडे पाहिलं. ती फोनवर मेघाला विचारत होती की तिकडे थंडीत कोणती साडी चालते.

"पण मेघे," ते फोनकडे वाकून हळूच म्हणाले, "वाचली ती कोणाची वं?"